मनोऱ्यावरचा पांढरा ढग

"माझ्या नवऱ्यानं जीव दिलेला नाही," पुष्पलता म्हणाली. "त्याला कोणीतरी ढकललं. पोलिसांना हे सांगितलं, तर ते म्हणाले, बाई, पाणी प्या."

नानाजी गजभिये यांनी तिला पाणी दिलं नाही. खुर्ची पुढे सरकवली.

धरमपेठेत एका शिंप्याच्या दुकानावर नानाजींची खोली होती. पोलीस खात्यात बरीच वर्षं काढून, वरच्यांशी भांडून ते बाहेर पडले होते आणि आता खासगी तपासाची कामं घेत. त्यांच्यासोबत असत चंपतराव ठवकर, निवृत्त ड्रॉइंग मास्तर. चेहरा पाहिला की आपल्याला माणूस कळतो, असा चंपतरावांचा ठाम समज होता. समोरच्या बाईचा चेहरा पाहून त्यांना एवढंच कळलं, की ती गेल्या आठवड्यात रडून संपली आहे.

एकोणीसशे चौऱ्याहत्तरचा जानेवारी होता. कुही रस्त्यावरच्या खताच्या कारखान्यात पुष्पलताचा नवरा शरच्चंद्र इंजिनियर होता. तिथल्या कूलिंग टॉवरच्या माथ्यावरून पहाटे पडून तो मेला.

"टॉवर म्हणजे तो वाफेचा मनोरा?" चंपतरावांनी विचारलं.

"हो. यंत्रांतून आलेलं गरम पाणी त्याच्या माथ्यावरून खाली पडतं. पंखा त्यातून हवा ओढतो. पाणी थंड होतं आणि ओली हवा वरून बाहेर जाते. उन्हाळ्यात ती दिसत नाही. हिवाळ्यात गारठ्यात आली की तिचा पांढरा ढग होतो आणि रस्त्यावर, शेतांवर उतरतो. शरदनं त्यावर उपाय केला होता. माथ्याजवळ नळ्यांची जाळी बसवली. गरम पाणी आधी त्या नळ्यांतून न्यायचं. नळ्यांवरून जाणारी हवा नुसती तापते, ओली होत नाही. ती कोरडी गरम हवा ओल्या हवेत मिसळली, की ढग धरतच नाही. त्या रात्री पहिली पूर्ण चाचणी होती."

"आणि ती फसली," चंपतराव बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली.

"असं सगळे म्हणतात. म्हणून त्यानं उडी मारली म्हणतात." पुष्पलतानं पदर खांद्यावर ओढला. "शरदचं काही फसलं ना, की तो झोपायचा. ढाराढूर. उठला की पुन्हा पेन्सिल घ्यायचा. अपयशानं मरणारा माणूस नव्हता तो."

नानाजी उठले. "चला गा, चंपतराव. स्वेटर घ्या."

कारखान्याचे मॅनेजर रुपराव यांनी त्यांना उभ्याउभ्याच उत्तरं दिली.

"मले ती जाळी नकोच होती. पंख्यावर ताण येते, पाणी कमी थंड होते. वरच्या लोकांनी त्याले एक हिवाळा दिला होता. त्या दिवशी पंपघरातला गोविंदा बोलवाले आला, मी बंगल्यातून निघालो. फाटकाशी येतो तं वर नेहमीसारखा पांढरा डोंगर उभा. मंग काय समजायचं ते मी समजलो."

"तुम्हाला वाईट वाटलं?"

"माणूस मेल्याचं वाटलं," रुपराव म्हणाले. "जाळीचं नाही."

चीफ इंजिनियर आनंदराव देशकर मात्र त्यांना पाहताच खुर्चीतून उठले. केस पिकलेले, गळ्याभोवती कत्थी, काथाच्या रंगाचा लोकरी मफलर, डोळे सुजलेले. त्यांनी स्वतः चहा ओतला.

"शरद माझा विद्यार्थी. त्याला इथे मीच आणलं. त्या पहाटे चाचणी पाहायला मी टॉवर चढत होतो. अर्ध्या जिन्यात असताना खाली धाडकन आवाज झाला. वर पोचलो तर इतकी वाफ, की कठडा सापडेना. चाचपडत तिथे गेलो, खाली ओरडलो. जाळी रात्रभर चालू होती, पोलीस येऊन पंचनामा होईपर्यंत चालू होती, आणि ढग तसाच. पोरानं ते पाहिलं असेल..." त्यांनी मफलरच्या टोकानं डोळे पुसले. "दुपारी मीच वर जाऊन जाळीच्या दोन्ही व्हॉल्व्हना साखळी घालून कुलूप लावलं. पुन्हा कोणी हात लावू नये म्हणून."

चंपतरावांचे डोळे भरून आले. नानाजींनी चहाचा घोट घेतला.

"जाळीबद्दल तुमचं मत काय होतं, साहेब?"

"जमणार नाही, असं मी आधीपासून सांगत होतो. कोर्टातही तेच सांगितलंय. दोन वर्षांपूर्वी या ढगात रस्त्यावर बस घुसली, तीन मजूर गेले. गावकऱ्यांनी दावा लावला. मी शपथेवर सांगितलं, की या वाफेला जगात उपाय नाही. दावा फेटाळला गेला."

"आणि शरच्चंद्र?"

"तो तरुण होता," आनंदराव म्हणाले.

गोविंदा टॉवरच्या पायथ्याशी पंपघरात काम करी. त्या रात्री पाळीवर तोच होता. अंगाभोवती घोंगडी घट्ट धरून तो बोलू लागला.

"पंपघराले खिडकी नाही जी. मी आगटीपाशी बसून होतो. पंपाच्या आवाजात काही ऐकू येत नाही, पण शरदसाहेब पडले ते पंपघराच्या पत्र्यावरच. मी बाहेर धावलो. नुकतंच फटफटलं होतं. वर पाहिलं तं कठड्याशी बडे साहेब, देशकरसाहेब, गळ्यात त्यायचा कत्थी मफलर, हात हालवून राहिले, ओरडून राहिले, मॅनेजरले बोलाव म्हणून. मी तसाच बंगल्याकडं पळत सुटलो."

"परत आलास तेव्हा?"

"तवा ढग होता. रोजच्यासारखा."

"जाळी कोणी चालू केली होती?"

"शरदसाहेबानं. सांजेले सोता वर जाऊन व्हॉल्व्हची चाकं फिरवली." गोविंदा जरा घुटमळला. "पोलीस आले तवा त्यायनं मले वर धाडलं, साहेबाचा कोट आणाले. जाळीले टांगून होता. माहे हात गारठ्यानं आखडले होते. म्हटलं गरम नळी आहे, हात शेकून घ्यावं. तं नळ्या बर्फावानी गार."

"साखळी तेव्हा होती?"

"नाही जी. साखळी दुपारी लागली."

चंपतरावांना वाटलं, हा माणूस उगाच पाल्हाळ लावतो आहे. कोट कोणी आणला, हात कुठे शेकले! त्यांना आनंदरावांचे सुजलेले डोळे आठवत होते.

कारखान्याच्या भिंतीला लागूनच जिजाबाईचं शेत होतं. हिवाळी वारा टॉवरकडून सरळ तिच्या खळ्यावर येई. दोघांना पाहताच ती कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

"कारखान्याचे आहा का? मंग वापस जा."

"कारखान्याचे नाही, बाई. शरच्चंद्रच्या घरून आलो."

ती नरमली नाही, पण बाजूला झाली. "त्याले मी लय शिव्या देल्या. एकदा ढेकूळ फेकून मारलं. तो ऐकून घे. म्हणे, मावशी, यंदा ढग बंद करतो. मी म्हटलं, माहा जयवंता बसखाली गेला तवा कुठं होता तू?"

तिचा मुलगा त्या तीन मजुरांतला एक होता. चंपतरावांनी मान खाली घातली.

खळ्यावर मिरचीचे दोन ढीग होते. एक पांढुरका, डाग पडलेला. दुसरा लालबुंद.

"हे अशी पांढरी काहून पडली?" नानाजींनी विचारलं.

"ढगाची ओल. रोज ताडपत्री झाकतो, तरी धरते."

"अन् ही लाल?"

"हे तं त्या रात्री उघडीच पडून होती. मी कुहीले लेकीकडं मुक्कामाले गेलती. सकाळी पहिल्या गाडीनं येतो तं इथं पोलीसच पोलीस. मिरचीकडं पाहाले कोणाले फुरसत? दिवस वर आल्यावर गोळा करून घरात ठेवली, आज ऊन द्याले काढली."

चंपतरावांनी एक मिरची मोडली. ती कडकन तुटली आणि त्यांना शिंक आली. नानाजी मात्र मागे वळून भिंतीपलीकडच्या टॉवरकडे पाहत राहिले.

परतताना चंपतराव म्हणाले, "मले त्या बाईचाच संशय येते. पोरगा गेला, वैर आहे. अन् रात्री कुहीले होती हे कोणं पाहिलं?"

"ते मी उद्या कुहीले जाऊन पाहतो," नानाजी म्हणाले. "ती खरं बोलत असली, तं आपल्याले खुनी भेटला."

चंपतरावांना त्यातलं काही समजलं नाही.

जिजाबाई खरंच त्या रात्री कुहीला होती. शेजारपाजाऱ्यांनी सांगितलं, एसटीच्या कंडक्टरनंही ओळखलं. त्यानंतरच्या एका कडाक्याच्या सकाळी नानाजींनी सगळ्यांना टॉवरच्या पायथ्याशी जमवलं. पोलीस इन्स्पेक्टर नाखुशीनंच आला होता. रुपराव घड्याळ पाहत होते. आनंदराव मफलरमध्ये मान खुपसून उभे होते. पुष्पलता आली होती आणि जिजाबाई टॉवरभोवतीच्या कुंपणापाशी थांबली होती.

वर पांढराशुभ्र ढग घुसळत होता. तो कलून खळ्यावर, पुढे रस्त्यावर उतरत होता.

"साखळी तोडा," नानाजी म्हणाले.

"कशाला?" आनंदराव चटकन बोलले. "त्या मुलाची विटंबना कशाला पुन्हा?"

इन्स्पेक्टरनं मान डोलावली. गोविंदा आणि एक शिपाई वर चढले. साखळी तुटल्याचा आवाज खालपर्यंत आला. मग चाकं करकरली.

आधी काहीच झालं नाही. रुपराव हसले. मग ढगाचा बुडखा विरळ झाला. पंख्याच्या तोंडाशी हातभर मोकळी जागा दिसू लागली, ती वाढत गेली, आणि उरलेला ढग वाऱ्यावर पुढे सरकून विरून गेला. टॉवरवर निळं आकाश होतं. कठड्याला धरून उभा असलेला गोविंदा खालून स्पष्ट दिसत होता, घोंगडीच्या काठासकट.

सगळे वर पाहत होते. फक्त आनंदराव पाहत नव्हते. चंपतरावांना ते दिसलं.

"आज हवा कोरडी आहे," आनंदराव म्हणाले.

"हवा तीच आहे, साहेब. आत्ताच तर ढग होता." नानाजी इन्स्पेक्टरकडे वळले. "सगळे म्हणाले, चाचणी फसली म्हणून शरच्चंद्रनं जीव दिला. पण जिजाबाई कुहीला होती, म्हणून तिची मिरची त्या रात्री उघडी होती. रोज झाकूनही ती ओली होते, त्या रात्री उघडी राहूनही लाल राहिली, कडकडीत वाळली. सकाळच्या थोड्या वेळच्या ढगानं ती बिघडली नाही, पण रात्रभर ढग असता तर बिघडली असती; म्हणजे रात्रभर तो नव्हता. जाळी चालली होती. जिंकलेला माणूस उडी कशाला मारेल?"

"पण सकाळी ढग मी पाहिला," रुपराव म्हणाले.

"खरं आहे. तुम्ही आलात तेव्हा होता. आनंदरावसाहेब म्हणतात, पोलीस येईपर्यंत जाळी चालू होती. चालू असती, तर नळ्या गरम असत्या. गोविंदा हात शेकायला गेला तर त्या बर्फासारख्या गार. म्हणजे सकाळी कोणीतरी पाणी तोडलं. त्यावर पंख्याची थंड हवा, नळ्या गारठायला किती वेळ लागतो?"

"शरच्चंद्रनंच बंद केली असेल," इन्स्पेक्टर म्हणाला. "मग उडी मारली."

"तो पडला आणि गोविंदा बाहेर आला. त्यानं वर काय पाहिलं? कत्थी मफलर. नुकतंच फटफटलं असताना, एवढ्या उंचावर, मफलरचा रंग! साहेब म्हणतात, वाफेत कठडासुद्धा सापडत नव्हता. मग गोविंदाला रंग कसा दिसला? तेव्हाही ढग नव्हता. गोविंदा बंगल्याकडे धावला आणि परतला, तेव्हा ढग होता. चाक त्या मधल्या वेळात फिरलं. मेलेला माणूस चाक फिरवत नाही. वर जिवंत माणूस एकच होता."

पंखा घरघरत होता.

"तुम्ही कोर्टात शपथ घेतली होती, साहेब," नानाजी हळू म्हणाले. "उपाय नाही म्हणून."

आनंदरावांनी मफलर सोडला, पुन्हा गुंडाळला.

"वर चढलो तर टॉवरवर चांदण्या दिसत होत्या," ते म्हणाले. "सगळी नोकरी या मनोऱ्याखाली गेली, तिथून मी कधी चांदणी पाहिली नव्हती. शरद लहान मुलासारखा नाचत होता. म्हणाला, सर, आपण दोघं कोर्टात जाऊ. उपाय आहे म्हणून सांगू. तुम्ही चुकलात यात लाज कसली? त्याला खरंच लाज वाटत नव्हती." त्यांनी आता प्रथमच वर पाहिलं. "त्यानं जाळीचा पहिला आराखडा मला दाखवला होता, तो त्या अपघाताच्या आधी. मी हसून बाजूला ठेवला होता. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. पण सांगितलं असतं. तो खोटं बोलूच शकत नसे."

पुष्पलता त्यांच्याजवळ गेली. चंपतरावांना वाटलं, ती हात उगारेल.

"तो तुमच्या पाया पडून घरातून निघायचा," ती म्हणाली. "तुमचा फोटो आहे आमच्या भिंतीवर."

शिपायानं आनंदरावांचा दंड धरला. पोलिसांची जीप त्यांना घेऊन गेल्यावर रुपरावांनी तोंडाशी हात धरून वर हाक मारली.

"गोविंदा! बंद कर ते!"

"काहून?" चंपतराव ओरडलेच. "चालते नं जाळी! सगळ्यांनी पाहिलं!"

"म्हणूनच." रुपरावांचा आवाज चढला नाही. "जाळी चालते म्हटलं, की जुना दावा उकरून निघते. तुमचा खुनी तुमाले भेटला, मास्तर. टॉवर माहा आहे."

नानाजींनी इन्स्पेक्टरकडे पाहिलं. इन्स्पेक्टर कागदावर वेळ लिहीत होता. व्हॉल्व्ह बंद करणं हा गुन्हा कोणत्याच कलमात बसत नव्हता. वर चाकं करकरली आणि पंख्याच्या तोंडाशी पांढरं काहीतरी पुन्हा फुगू लागलं.

जिजाबाई कुंपण ओलांडून आत आली. ती सरळ पुष्पलतासमोर उभी राहिली.

"बाई, मले नीट समजलं नाही. तुह्या मालकानं हे आधीच कागदावर काढलं होतं? माहा जयवंता जिता होता तवा?"

पुष्पलतानं नानाजींकडे पाहिलं. नानाजींनी खोटं बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं.

"हो, मावशी," पुष्पलता म्हणाली.

"म्हणजे माहा पोरगा वाचला असता."

"हो."

जिजाबाईनं वळून आपल्या खळ्याकडे पाहिलं.

"दोन वर्षं मी म्हणून राहिलो, देवाचं देणं होतं, देवानं नेलं," ती म्हणाली. "तसं म्हणून मले झोप येत जाय. आता मी काय म्हणू वं?"

चंपतराव तिला रिक्षानं घरी सोडतो म्हणाले. तिनं मान हलवली आणि ती रस्त्यानं चालू लागली. थोड्याच अंतरावर ढग खाली उतरला होता. तिचं लुगडं त्यात शिरलं आणि दिसेनासं झालं. चंपतराव रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले आणि समोरून येणाऱ्या ट्रकला थांबवण्यासाठी दोन्ही हात वर करून ओरडू लागले.