शकुच्या दारातली लाल बादली

दहिसरच्या त्या चाळीत नळावर बादली ठेवली की माणूसच उभा आहे असं धरत. नंबर आला आणि माणूस नसला, तर मात्र बादली बाजूला. हा कायदा मोडणारा अजून कोणी जन्मला नव्हता. तो त्या सोमवारी उगवला.

शकु कळशी घेऊन आली, तर तिची बादली रांगेबाहेर! आणि एक उंच माणूस भिंतीवर तक्ता चिकटवतोय.

"ए! माझी बादली कोणी हलवली?"

"मी," तो वळला. "तुझी वेळ सहा वीस. बघ, लिहिलीय."

लवू! समोरच्या खोलीतला, तीन वर्षं स्वीडनच्या कारखान्यात राबून आलेला. मेले डोळे मात्र अजून पूर्वीसारखेच होते.

"तिथे अख्ख्या इमारतीला कपडे धुवायची एकच खोली... तक्त्यावर वेळ लिहायची. भांडण नाही."

"भांडणाशिवाय दिवस जातो कसा त्यांचा?"

तक्ता मंगळवारीच फाटला. लवू मात्र पुढचे दोन आठवडे रोज शकुच्याच मागे उभा, आणि रोज तेच पुराण – तिथे भाड्याच्या घरासाठी सरकारदरबारी नाव नोंदवायचं, वर्षानुवर्षं थांबायचं. पण एकदा घर मिळालं की भाडेकरूला कोणी सहजासहजी हलवत नाही. पागडी नाही, मालकाची मिजास नाही. बघायचा शकुच्या डोळ्यांत, आणि बोलायचा दुहेरी काचांच्या खिडक्यांवर! शकुचं डोकं उठलं.

"रविवारी मुलुंडचं स्थळ येतंय मला बघायला," तिने तोंडावर फेकलं. "स्वतःचा ब्लॉक आहे. संडास आत."

लवूची बादली भरून वाहायला लागली.

"माझाही... तिथे घरासाठी नंबर लागलाय. कालच पत्र आलं. हो-नाही कळवायचंय."

"मग जा की! काचा पुसत बस!"

रविवारी सकाळी शकुच्या आईने दार उघडलं आणि ती किंचाळलीच. उंबऱ्यासमोर लाल बादली. रिकामी. लवूची. सगळी चाळ कठड्याला लोंबकळली.

शकुला हसू फुटत होतं, पण ते दाखवेल ती शकु कसली!

"ए स्वीडन! नुसती बादली ठेवून काय रे? नंबर आला की माणूस लागतो. नाहीतर सारते बाजूला!"

तो धावत आला, एकाच पायात चप्पल.

"आहे ना... हजर आहे. तिकडे नाही म्हणून कळवलं, शकु. इथे दहा बाय दहाची खोली, नळ खाली, खिडकीला एकच काच... तीही तडकलेली. चालेल?"

"एवढं बोलायला तुला पंधरा दिवस लागले?"

तिने बादली उचलून घरात घेतली.

"आई, मुलुंडला निरोप धाड. म्हणावं, रांग बंद झाली."