तळाशी थोडं ठेवायचं

बसा, पण दाराकडे पाठ करून बसू नका. भुताच्या भीतीने नव्हे, दारातून गार वारं येतं म्हणून. आणि मध्येच "खरंच का?" असं विचारायचं नाही. माझा सख्खा भाऊ त्या कॉलेजात तीस वर्षं प्रयोगशाळेच्या किल्ल्या सांभाळत होता. सगळी पोरं त्याला मामा म्हणायची. आणि जिच्यावर हे बेतलं ती पोरगी माझ्यासमोर बसून, चहा गार होईपर्यंत सगळं सांगून गेली. आता यालाही ऐकीव म्हणायचं असेल तर म्हणा.

तिला सगळे मुंगी म्हणायचे. अंगाने एवढीशी, आणि कामाला लागली की मान वर करायची नाही. बायोमेडिकल सायन्सच्या तिसऱ्या वर्षाला होती. डॉक्टरकी नव्हे हां. डॉक्टर माणसाला विचारतो, काय दुखतंय. हे लोक माणसाच्या तुकड्याला विचारतात. तुकडा मेणात बसवायचा, मेणाची वडी यंत्राला लावायची आणि चाक फिरवायचं. एका फेऱ्याला एक काप, केसाहून दहापट पातळ. कापांची फीत निघते, ती कोमट पाण्यावर तरंगवायची, काचेवर उचलायची, रंगवायची. मग सूक्ष्मदर्शकाखाली ते मेलेलं कातडं खरं-खोटं सांगायला लागतं.

मुंगी पुस्तकात हुशार, हाताने कच्ची. या कापकामात दोनदा नापास झालेली. तिसऱ्यांदा राहिलं की नाव कमी, पदवीवर पाणी, असा तिथला नियम. परीक्षा शुक्रवारी सकाळी दहाला. कातडीच्या बारा काचा द्यायच्या, सगळ्या एकाच वडीतल्या, एकही फाटकी नको. आणि गुरुवारी, नोव्हेंबरच्या नऊ तारखेला, रात्री साडेनऊला ही बया मामाच्या खोलीवर किल्ली मागायला हजर.

मामा जेवून हात धूत होता. "आत्ता? बाकीच्यांच्या काचा चार दिवसांपूर्वी झाल्या."

"मामा, बाकीच्यांना बोटं आहेत. मला देवाने भेंड्या लावल्यात."

मामा हसला. किल्ली काढली, पण मुठीतच धरून ठेवली.

"तीन गोष्टी ऐक. गळ्यातला मफलर खुंटीला लाव, यंत्राजवळ लोंबतं काही नको. लाल खुणेच्या वड्यांना हात लावू नकोस, त्या पोलिसांच्या. आणि कुठलीही वडी पुरती कापून संपवायची नाही. तळाशी थोडं ठेवायचं."

"ते का हो?"

"अगं, माणूस जातं. मागे कधी कधी एवढंच उरतं. उद्या कुणी विचारत आलं तर दाखवायला काहीतरी नको?"

"इतक्या वर्षांनी कोण येणार, मामा?"

"आलं तर," मामा म्हणाला, आणि मूठ उघडली.

प्रयोगशाळा तिसऱ्या मजल्यावर. लांबट खोली, मधोमध दगडी ओटा, ओट्यावर यंत्र. भिंतीला वड्यांचं लोखंडी कपाट, बोटभर उंचीचे खण, प्रत्येकावर आकडे. मुंगीने दिवा लावला, मफलर काढून दारामागच्या खुंटीला अडकवला, पाण्याचं भांडं तापत ठेवलं. मामाचा शब्द पाळायचाच, असं ठरवून आलेली.

पण तिची स्वतःची वडी दगाबाज निघाली. आठवड्यापूर्वी तिने घाई केली होती. कातडीतलं पाणी पुरतं निघायच्या आतच तुकडा मेणात बसवला. वरून वडी दिसायला गोजिरी, आत लिबलिबीत. चाक फिरवलं की फितीच्या जागी भुगा. पुन्हा फिरवलं. भुगा. साडेअकरापर्यंत यंत्राखाली मेणाचा ढीग आणि हातात एकही काच नाही.

खोलीवरच्या मैत्रिणीचा फोन आला. ती ताडमाड, म्हणून तिचं नाव लांबडी.

"मुंगे, झालं का?"

"भुगा झाला."

"मग थोडं रड आणि परत ये."

"रडून काचा होत असत्या तर एव्हाना कपाट भरलं असतं."

"मग आता गं?"

मुंगी कपाटाकडे बघत होती. "काहीतरी बघते," म्हणाली, आणि फोन ठेवला.

आधी तिने लाल खूण नसलेले खण उघडले. यकृत, आतडं, फुप्फुस. कातडी एकही नाही. बाकीच्यांनी नेलेली. मग सगळ्यात खालचा खण. त्यात एकटीच वडी. लाल खूण. आणि जुनी पिवळी चिठ्ठी: स्त्री. वय अडतीस. मानेची कातडी. फास.

आठ वर्षांपूर्वीची तारीख होती. वडी आधीच बरीच कापलेली, आत नखाच्या जाडीएवढी कातडी उरलेली. आता बघा, माणूस स्वतःला कसा समजावतो. मुंगी मनात म्हणाली, आठ वर्षं कुणी फिरकलं नाही. आणि मी काही सगळी संपवणार नाही. बाराच काप. बारा कापांनी काय होतंय?

वडी यंत्राला लावली. चाक फिरवलं.

खर्र... टक.

लोण्यासारखा काप आला. दुसरा त्याला चिकटून, तिसरा त्याच्यामागे. अशी फीत तिच्या हातून जन्मात निघाली नव्हती. पाण्यावर टाकली तर एक सुरकुती नाही. साडेबारापर्यंत अकरा काचा झाल्या. रंगवून एक काच तिने सूक्ष्मदर्शकाखाली धरलीदेखील. कातडीचा वरचा थर एका जागी चेपून खोल गेला होता, ओल्या मातीत दोर दाबून धरावा तशी चर. मुंगीने डोळा मागे घेतला.

राहिली बारावी.

बारावी काही होईना. काप दुमडला. पुढचा पाण्यात बुडाला. त्याच्या पुढचा मधोमध चिरला. आणखी एक. आणखी एक. वडीकडे बघायचंच तिने सोडून दिलं. नुसतं चाक. खर्र... टक. खर्र... टक. एक वाजून वीस मिनिटांनी एक काप धड उतरला. तिने श्वास धरून तो काचेवर घेतला, रंगवला, बाराव्या जागी ठेवला. मग वडीकडे पाहिलं.

नुसतं मेण. पांढरं. आरपार.

वडी सोडवली, चिठ्ठीसकट खणात ठेवली, खण लावला. कुणाला कळणार आहे, असं मोठ्याने म्हणाली. रिकाम्या खोलीत माणूस मोठ्याने बोललं, की समजावं, त्याला खोली रिकामी वाटत नाहीये.

यंत्राचं पातं काढायचं तेवढं राहिलं होतं. पण ती आधी नळावर हात धुवायला गेली. पाठ यंत्राकडे.

खर्र... टक.

तिने नळ बंद केला.

खर्र... टक.

वळली. चाक फिरत होतं. यंत्राला वडी नाही. जवळ कुणी नाही. चाकाची मूठ वर जात होती, खाली येत होती, सावकाश... कुणीतरी शिकत असल्यासारखी.

"कोण आहे?"

...

मान ऊबदार लागली. हात नेला. बोटांना लोकर लागली.

मफलर.

तिने खुंटीकडे पाहिलं. खुंटी रिकामी.

मफलरचं एक टोक फरशीवरून सरकत गेलं. ओट्यावर चढलं. चाकाच्या मुठीला वेढा बसला. मुंगी मफलर सोडवायला दोन्ही हात वर नेते, तोच...

खर्र... टक.

हिसका असा बसला, की ती आडवी होऊन ओट्यावर आपटली. गाल दगडावर. एक दात तुटून घशाकडे गेला. तोंडात रक्त. कोपराने भांडं उलटलं, गरम पाणी मांडीवर. किंचाळायला गेली. आवाज नाही. दुसरा फेरा. दुसरा वेढा. नखं दगडावर खरडली, दोन मुळासकट निघाली. पाय झाडले, स्टूल उडून कपाटावर आदळलं. पातं आता डोळ्यांसमोर वीतभर. त्यावर दिव्याची रेघ चमकत होती.

मग मागून केस धरले. मुठीत. आणि डोकं दोनदा ओट्यावर आपटलं. रागाने नाही. मोजून. एक. दोन.

पाठीत गुडघा रुतला.

यंत्राला गुडघा नसतो, पोरांनो.

तेव्हा मुंगीला कळलं. बरगडी कडकन वाजली तेव्हा. चिठ्ठीवर फास लिहिलं होतं, पण त्या बाईने तो घेतला नव्हता. असाच मागून कुणी आवळला होता. असाच गुडघा देऊन. जे त्या बाईचं झालं, ते आता तंतोतंत हिचं चाललं होतं. एकही घाव कमी नाही.

डोळ्यांपुढे काळं आलं. कानाशी कुणाचा तरी श्वास लागला. गार. त्याला आवाज नव्हता, नुसते शब्द होते.

"...संपवलंस."

मुंगीने मान हलवली. हलली तेवढी.

"...तेवढंच होतं माझं."

चाक थांबलं. अर्ध्यावर. मूठ वर, थरथरत. पुढच्या फेऱ्यात मान तुटली असती. ते त्या बाईलाही ठाऊक असणार. पण थांबली. वाट बघत होती...

मुंगीला बोलता येत नव्हतं. रक्ताळलेले ओठ तेवढे हलले.

घे... माझं घे.

मानेच्या उजव्या बाजूला काहीतरी गार टेकलं.

खर्र... टक.

सकाळी सात वाजता मामा आला, तेव्हा ती ओट्याखाली पडलेली. गाल सुजून डोळा बंद, मानेभोवती काळानिळा पट्टा. मफलर खुंटीला. पातं काढून, पुसून, डबीत ठेवलेलं. बारा काचा ओळीने, एकीवरही ओरखडा नाही. मामा "पोरी, कुणी मारलं गं?" करत तिला उठवायला गेला. तिला आवाज फुटेना. तिने त्याच्या खिशातलं पेन ओढलं आणि तळहातावर खणाचा आकडा लिहिला. खाली लिहिलं: संपवली.

मामाने खण ओढला.

आता माझा भाऊ काही घाबरट नाही. पण त्याने मला सांगितलं, तो खण त्याने एकदा लावून पुन्हा उघडून पाहिला. वडी भरलेली होती. जिच्यात रात्री नुसतं मेण उरलं होतं तीच वडी, काठोकाठ. ताजी, गुलाबी कातडी, आणि तिच्या मधोमध दोराची चर.

दहाला परीक्षा. मुंगी उभी राहिली, कॉलर वर करून. बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी एकेक काच पाहिली आणि चष्मा काढला. "दोनदा नापास झालेली तूच ना? हात फारच सुधारला की." मग चेहरा पाहिला. "आणि हे काय झालं?"

मुंगीने कागदावर लिहून दिलं: जिन्यावरून पडले.

बाईंनी कागद दुमडून तिला परत दिला. बायकांना ते वाक्य ओळखीचं असतं.

अकरा वाजता, मुंगी बाहेर बाकावर बसलेली असताना, एक पोलीस अधिकारी पत्र घेऊन आला. पाठीमागे एक पिकल्या केसांची बाई. मेलेलीची थोरली बहीण. आठ वर्षं चपला झिजवून तिने तपास पुन्हा उघडायला लावला होता. मेलेलीचा नवरा म्हणायचा, तिनं स्वतःच फास घेतला. बहीण म्हणायची, माझी बहीण तशी नव्हती. पत्रावर खणाचा आकडा होता. मामाने वडी काढून हातात दिली.

दोन महिन्यांनी त्या वडीच्या तपासणीचा निकाल आला. फास घेतलेला नव्हे, मागून आवळलेला. अहवाल समोर ठेवला तसा नवरा कबूल झाला. गुडघासुद्धा कबूल केला. मुंगीला पदवी मिळाली. आता कुठल्याशा रुग्णालयात कापकामच करते, आणि म्हणतात, तिच्यासारखा हात नाही. प्रत्येक वडीच्या तळाशी थोडं ठेवते.

वडीतली कातडी कुणाच्या मानेची, हे कुणी विचारलं नाही.

ती माझ्याकडे आली तेव्हा मीच म्हटलं, दाखव बाई. तिने केस बाजूला घेतले. मानेच्या उजव्या अंगाला नखाएवढा चौकोन. कडा सरळ, पट्टीने आखल्यासारख्या. जखम झालीच नव्हती म्हणाली. त्या सकाळीच तो असा होता, भरलेला. पांढरा. किंचित आरपार.

हात लावू का, विचारलं. ती हो म्हणाली.

गार होता. मी बोट टेकवलं, अगदी हलकं, आणि उचललं.

माझ्या बोटाचा ठसा त्यावर तसाच राहिला.