कळा काऊन येऊन नाही राह्यल्या?

"मॅडम, लवकर चला! काजलले ताप भरला!" शालूबाईंनी डॉ. गार्गीचा हातच धरला.

काजल त्यांची सून. पहाटे पाणमोट फुटली, पण कळा नव्हत्या; उशीर झाला तर जंतुसंसर्ग होऊन ताप भरतो. मोताळ्याच्या त्या प्रसूतिगृहात अशा बायांसाठी दोन औषधांची तुलना चालू होती. काहींना पाण्यात विरघळवलेली गोळी थोड्या थोड्या वेळानं, काहींना सलाइनमधून औषध. गोळीचं काम गार्गीकडे, सलाइनचं डॉ. शंतनुकडे. काजलला गोळी ठरली होती.

गार्गी नांदुऱ्याहून नुकतीच परतली होती. पाहते तर शंतनुनं सलाइन लावलेलं.

"दवाई त आताच पेली," काजल रडत होती. "कळा काऊन येऊन नाही राह्यल्या?"

गार्गीनं औषधाची बाटली उजेडात धरली. ही गोळी पूर्ण विरघळत नाही, तळाशी पांढरा गाळ राहतो. इथं तळ स्वच्छ होता. साधं पाणी!

संध्याकाळी काजल बाळंत झाली. मुलगी उशिरा रडली, पण रडली.

मग मोठे डॉक्टर मार्तंड यांनी सगळ्यांना खोलीत बोलावलं.

"बाटली कुणी भरली?"

"मीच सर," निशिगंधा सिस्टर म्हणाली. "शंतनु सरांसमोर गोळी टाकली."

"बाटली ठेवली त्या कपाटाची किल्ली?"

"जेवायला गेले तेव्हा टेबलावर राहिली."

"निष्काळजीपणा!" शंतनु म्हणाला. "मी सलाइन लावलं म्हणून निभावलं."

"कधी लावलंत?" गार्गीनं विचारलं.

"शेवटचा डोस दिल्या दिल्या. अजून किती वाट बघायची?"

गार्गी मार्तंडांकडे वळली. "सर, गोळीनंतर काही तास थांबल्याशिवाय सलाइनमधलं औषध देत नाहीत. दोन्हींचा जोर एकदम आला तर गर्भपिशवी फाटू शकते. मला हे शंतनु सरांनीच शिकवलं. गोळी टाकताना यांनी डोळ्यांनी पाहिली, तरी थांबले नाहीत. कारण काजलच्या पोटात गोळी गेलीच नाही, हे त्यांना माहीत होतं. बाटली यांनीच बदलली."

"शंतनु?"

शंतनुनं गळ्यातला स्टेथोस्कोप काढून टेबलावर ठेवला.

"मी इथं दहा वर्षं झिजलो," तो म्हणाला. "आता बाया दारातूनच विचारतात, गार्गीबाई हायेत का? वॉर्डही तुम्ही तिलाच देणार. तिची गोळी एकदा तरी हरलेली बघायची होती मला."

मार्तंडांनी पोलीस ठाण्याला फोन लावला.

गार्गीनं दार उघडलं. बाहेर शालूबाई पेढे घेऊन उभ्या.

"शंतनु डॉक्टर कुठं हायेत? त्यायचे पाय धराचे हायेत मले. त्यायनंच वाचवलं माह्या सुनेले."

शंतनुनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.