पवळ्या कोंडवाड्यात

मोरदरे गावच्या कोंडवाड्यात, म्हणजे भटकी गुरं कोंडायच्या पंचायतीच्या आवारात, गेल्या वीस वर्षांत एक शेळीसुद्धा अडकली नव्हती. आणि त्या सोमवारी सकाळी तिथे चक्क एक यंत्रमानव उभा! गळ्यात पोळ्याची घुंगरमाळ तशीच, चाकांना चिखल.

हा पवळ्या, केतकीच्या घरचा. काम तण काढण्याचं. पहाटे तो बांध ओलांडून सरूकाकूंच्या मळ्यात शिरला आणि बियाण्यासाठी राखलेला लाल अंबाडीचा अख्खा वाफा त्याने मुळासकट उपटला. वर नीट ढीगही रचला, शहाणा कुठला! काकूंनी त्याला हाकत आणून कोंडवाड्याला कडी घातली.

"आईनं दिलेलं बियाणं होतं माझ्या! दुपारच्या ग्रामसभेत याला भंगारात काढायचा ठराव मांडते की नाही बघाच!"

केतकीने हे ऐकलं मात्र, ती धावत आत्याकडे गेली. सुनंदाआत्या तालुक्याच्या कोर्टात वकील; पोळ्याला माहेरी आलेली, अजून मुक्काम हलला नव्हता.

"आत्या, पवळ्याला शिक्षा होईल का गं?"

"बैलानं पीक खाल्लं तर बैलाला तुरुंगात टाकतात?"

"छे! मालकाला बोलावतात."

"तेच तर. नवी वस्तू आली की कायदा आधी तिची जुनी भावकी शोधतो. जुना नियम पुरला तर ठीक, नाहीतर ठिगळ लावायचं, नाहीतर नवाच शिवायचा. सरूवहिनींनी नेमका कोंडवाडा शोधला, बाई वकिलाच्या वरताण आहेत!"

"म्हणजे दोष बाबांचा?"

"थांब जरा. बैल आपल्या अकलेनं चरतो. पवळ्याला अक्कल कुठून येते?"

"कंपनीकडून. एक यंत्र काही शिकलं, की कंपनी त्याच रात्री ते सगळ्या यंत्रांना कळवते."

"अगंबाई! ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला! इथे बैलाचा नियम तोकडा पडतो बघ. चल, नोंदपेटी उघडू."

नोंदपेटी (यंत्राने काय पाहिलं आणि त्यावरून काय ठरवलं, हे साठवणारी डबी) उघडायला कंपनीला नकार देता येणार नाही, असा कायदा नुकताच झाला होता. कोंडवाड्यात पवळ्याच्या पडद्यावर दोन ओळी उमटल्या. पहिली: 'अंबाडी हे तण. सोयाबीनच्या एका शेतातल्या यंत्राकडून शिकलो.' दुसरी: 'पोळ्याला केतकीने ज्या वाफ्यातून नेलं, तो वाफा आपला.'

केतकीचा चेहरा खर्रकन उतरला. पवळ्याला झूल घालून औक्षणासाठी काकूंच्या दारी तिनेच नेलं होतं. आणि घाईघाईत, रस्ता सोडून वाफ्यातून. हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

"आत्या, दुसरी ओळ नाही वाचली तर?"

"तर सगळं कंपनीवर ढकलता येईल. पवळ्याही सुटेल कदाचित." आत्याने तिच्याकडे रोखून पाहिलं. "पण ही पेटी यंत्राला लपवाछपवी करता येऊ नये म्हणून आहे. माणसाला अशी पेटी बसवत नाहीत. तुझं तू ठरव."

ग्रामसभेत केतकीने दोन्ही ओळी वाचल्या. "दुसरी चूक माझी आहे, काकू. माझ्यामुळे गेली तुमची अंबाडी." आणि ती रडायलाच लागली.

काकूंनी कपाळाला हात लावला. मग म्हणाल्या, "म्हणजे मीच ह्याला ओवाळलं, पुरणपोळी दाखवली, आणि ह्या गुलामाला वाटलं घर आपलंच!" सगळी सभा हसली. काकूसुद्धा.

मग भंगाराचा ठराव बाजूला राहिला आणि आत्याने नवा ठराव लिहून घेतला. यंत्राची हद्द (कामासाठी आखून दिलेली सीमा) मालकाने नोंदवायची. दुसऱ्या यंत्राकडून शिकलेलं काही करण्याआधी यंत्राने जागेवरच्या माणसाला विचारायचं, आणि तशी सोय कंपनीने करून द्यायची. ठरावाची प्रत कंपनीला आणि तालुक्याला पाठवायची.

"आता झाला का कायदा पुरा?" केतकीने विचारलं.

"कसला पुरा! हा आपल्या गावापुरता. आणि उद्या आणखी काहीतरी नवं येईल, तेव्हा पुन्हा बसू."

पंधरा दिवसांनी कंपनीने ती सोय धाडली; तोवर पवळ्या कोंडवाड्यातच होता. कोंडवाड्याची कडी निघाली. काकूंनी गाडग्यात उरलेलं मूठभर बी केतकीच्या ओंजळीत घातलं. "ह्याच्याकडूनच पेरून घे. पुढच्या पोळ्यालाही आण ओवाळायला. पण रस्त्यानं!"

काकूंच्या वाफ्याच्या कडेला येऊन पवळ्या थबकला. घुंगरं वाजायची थांबली.

"काकू, आत येऊ का?" त्याने विचारलं.

"ये रे बाबा," काकू म्हणाल्या, "ये."