नावाविना सोडलेली शांतता

भर दुपारी नेव्हिल एका हातात सॉसेज रोल आणि दुसऱ्या हातात टेपची जुनी चक्री घेऊन वारिंगा रेडिओच्या पत्र्याच्या शेडमध्ये शिरला. स्टेशनचा वाढदिवस होता. इतिहास सांगायचं काम त्याच्या गळ्यात पडलं होतं, कारण बाकीचे जुने मेले होते आणि नव्यांना संगणकावर गाणी लावून घरी झोपण्यापलीकडे काही येत नव्हतं. त्याला काय रेडिओ म्हणायचं?

पण माईकपुढे बसला आणि म्हातारा खुलला. शहरातलं स्टेशन मेंढ्यांचे भाव आणि चर्चची गाणी ऐकवायचं, तेव्हा मर्ल नावाच्या बाईने चिडून याच शेडमध्ये यंत्र बसवलं. खाणकामगारांना गिटारचा दणका दिला. थेट खाली, त्यांच्या जेवणाच्या खोलीपर्यंत तार नेली. रॉक थांबायचं नाही, हा तिचा कायदा. खाणीत माणूस गेला, तरच थांबायचं. खाणीतून लाल फोन यायचा, मग मिनिटभर शांतता. ती ऐकली की खालच्यांनी हत्यारं टाकून वर यायचं. मग मर्ल गेलेल्याचं नाव घ्यायची आणि त्याच्या आवडीचं गाणं लावायची.

"नावाविना शांतता सोडू नकोस हं, नेव्ह," ती हाताखालच्या पोरगेल्या नेव्हिलला बजावायची. "ती मग स्वतःच कुणाला तरी शोधते."

आज सकाळीच त्याची पोरगी टॅमसिन खाणीत कामावर निघताना हसून म्हणाली होती, "बाबा, माझी वेळ आली तर ते माझं ढोलांचं गाणं लाव. तुझी म्हाताऱ्यांची रडगाणी लावलीस तर उठून येईन!"

"तोंड आवर, कार्टे," तो खेकसला होता.

कॉलिन ट्रेगर खाणीत गेला त्या दिवशीची चक्री त्याने चढवली. आणि तिथेच घात झाला. टेपवरची शांतता गावभर गेली, खाली खाणीतही गेली. गावाला काय ठाऊक, ती जुनी आहे? बाहेर वारा उठला, पत्रे करकरू लागले, लाल धुळीने खिडकी काळवंडली.

टेबलावरचा फोन खणखणला. शेजारची डॉट होती.

"कोण गेलं रे? माझा हॅरल्ड तर नाही ना? बोल की!"

"कुणी नाही गं बाई! जुनी टेप आहे."

"मेल्या, काळीज थांबलं माझं! बंद कर ती आधी!"

त्याने खटकन टेप बंद केली. मर्लच्या तोंडून कॉलिनचं नाव यायच्या आधीच.

मग त्याच्या लक्षात आलं. शांतता नावाविना सुटली होती. टॅमसिन खाली होती...

"कॉलिन ट्रेगर!" तो माईकमध्ये ओरडला. यंत्रावरचा आवाज दाखवणारा काटा जागचा हलला नाही. पुन्हा ओरडला. काटा मेल्यासारखा पडून होता. शेडमध्ये जळक्या तारेचा वास सुटला. चक्री थांबलेलीच होती, आणि स्पीकरमधून हळूहळू ढोल वाजू लागले.

दार ढकललं गेलं. टॅमसिन. शिरस्त्राणावरचा दिवा चालूच.

"पोरी!" त्याला रडू फुटलं. "आलीस वर..."

"शांतता ऐकली, सगळे निघालो. कोण गेलं, बाबा?"

"कुणी नाही गं. कुणीच नाही. माझीच चूक झाली."

"शिडीवर रेटारेटी झाली..." ती हळू बोलत होती. "तळाला पाणी होतं, बाबा."

तेव्हा त्याने पाहिलं. ती नखशिखांत निथळत होती. तिने स्पीकरकडे मान वळवली.

"हेच लावलंस होय... बरं केलंस."

भिंतीवरचा लाल फोन वाजू लागला. नेव्हिलचा हात पुढे गेला.

"नको ना, बाबा... उचललास की माझं नाव सांगतील."

त्याने हात मागे घेतला. फोन वाजतच राहिला. ढोल थांबले. जमिनीवरचं काळं, गार पाणी सरकत सरकत त्याच्या बुटांपर्यंत आलं, आणि मग हळूच घोट्यांवर चढू लागलं.