ओस्निएलची ओळ

वीज काय इतक्यात येत नाही. ती मेणबत्ती विझवा, उगाच जाळू नका, आणि नीट बसा. सांगतो ती गोष्ट आपल्या कायबारिएन गावातलीच आहे, गल्लीतले संगणक दुरुस्त करणाऱ्या योर्दानिसनं स्वतःच्या तोंडानं सांगितलेली. तो थापा मारणाऱ्यातला नाही. थापा मारायला जी अक्कल लागते ती त्याच्याकडे नाही.

चौदा नोव्हेंबर दोन हजार चोवीस, गुरुवार. वीज आठलाच गेलेली. पावणेदहाला योर्दानिस लॅपटॉप बघायला म्हणून एनेइदाकडे गेला. एनेइदा म्हणजे ओस्निएलची आई, एकाहत्तर वर्षांची, घरात एकटी. मुलगी लिसेत परदेशात, मोंतेविदेओत, तिला तिकडे बाळ झालेलं. आईनं तिच्याकडे जायचं ठरलं होतं. दूतावासाच्या मुलाखतीचा अर्ज त्या रात्री बाराच्या आत जायला हवा होता, नाहीतर पुन्हा वर्षभर रांग.

"मावशी, काय दुखतंय याचं?"

"पान उघडायला युगं लागतात. निम्मं भरलं की म्हणतं, वेळ संपली. चारदा झालं. माझ्या वाट्याला सगळी कासवंच आली का रे?"

योर्दानिसनं सेटिंग उघडली. दोष कुठं आहे ते त्याला बघताक्षणी कळलं होतं.

त्या लॅपटॉपला दोन वाटा होत्या. एक केबल, छतावरून गल्लीच्या जाळ्यात जाणारी. गल्लीतले सगळे संगणक एकमेकांना जोडणारं ते जाळं ओस्निएलनं उभं केलेलं. दुसरी वाट मोबाईलवरून बाहेरच्या जगात. आता संगणकाला साइटची नावं कळत नाहीत, त्याला आकडे लागतात. नाव टाकलं की तो आधी कुणाला तरी विचारतो, बाबा रे, हे राहतं कुठं? कुणाला विचारायचं ते ओळीनं लिहून ठेवलेलं असतं. इथं पहिल्या ओळीत ओस्निएलच्या यंत्राचा आकडा होता, दुसऱ्या ओळीत बाहेरचा.

ओस्निएल तीन वर्षांपूर्वी केबल ओढताना छतावरून पडून गेला. त्याचं यंत्र विकलं गेलं. पण गल्लीतल्या एकाही पोरानं आपल्या संगणकातली ती पहिली ओळ पुसली नाही. मनच झालं नाही कुणाचं. त्यामुळं प्रत्येक नावाला संगणक आधी ओस्निएलला विचारायचा, पाच सेकंद थांबायचा, उत्तर येत नाही म्हटल्यावर बाहेर जायचा. शुद्ध मूर्खपणा. मला फार आवडलेला मूर्खपणा.

पण त्या अर्जाच्या एका पानाला वीस नावं विचारावी लागत होती. करा हिशेब.

योर्दानिस आडवळणानं बोलायला लागला, तशी एनेइदा उखडली.

"सरळ बोल की! माझ्या पोराचा विषय निघाला की तुमच्या सगळ्यांच्या जिभा कशा जड होतात?"

त्यानं सांगून टाकलं.

"म्हणजे हा डबा तीन वर्षं त्याला हाका मारतोय?"

"हो, मावशी."

"आणि तो ओ देत नाही."

योर्दानिसनं ती पहिली ओळ बोटानं दाखवली.

"मी गेले तर त्याच्या थडग्याकडे कोण बघणार रे? तू?" तिनं लॅपटॉप त्याच्या पुढ्यात सरकवला. मग म्हणाली, "नातीला अजून हात लावला नाही मी. पूस."

साडेदहा झाले होते. त्यानं ओळ पुसली. परत उघडून बघतो तर ओळ जागेवर. यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. केबल लावलेली असली की तिच्यासाठी साठवून ठेवलेली सेटिंग संगणक आपोआप परत लिहितो, हे त्याला ठाऊक होतं. त्यानं केबल उपटली. ओळ पुन्हा पुसली.

पुन्हा उघडलं.

ओळ होती.

"काय झालं रे?"

"काही नाही. तू... तू नाव टाक."

तिनं दूतावासाचं नाव टाकलं. योर्दानिस सवयीनं मनात मोजायला लागला. एक...

पान उघडलं.

कुणी उत्तर दिलं ते त्यानं तपासलं. पहिल्या ओळीनं दिलं होतं. केबलचं टोक त्याच्या हातात होतं. अख्ख्या गल्लीत वीज नव्हती.

"पोरा, त्या केबलकडे काय बघतोयस?"

"भर, मावशी. लवकर भर."

ती भरत गेली. पानामागून पान. कुठंच थांबावं लागलं नाही. तो मागं उभा राहून प्रत्येक अक्षर बघत होता.

अकरा एक्कावन्नला मोबाईलचा टॉवरही बसला. रेंज गेली. बाहेरची वाटही बंद. शेवटचं बटण राहिलंच होतं.

"आता?"

योर्दानिसनं मोबाईल खिडकीबाहेर धरून पाहिला.

एनेइदानं पडद्यावर तळवा टेकवला.

"ओस्निएल..."

बाहेर कुत्रंसुद्धा भुंकत नव्हतं.

"मला जाऊ दे, बाळा. लिसेत तिकडं एकटी आहे."

...

तिनं बटण दाबलं.

अर्ज गेला.

दुसऱ्या दिवशी वीज आल्यावर योर्दानिसनं पावती छापली आणि तिला नेऊन दिली. वाटेत त्यानं ती वाचली होती. आदल्या रात्री तिनं प्रवाशांच्या रकान्यात 'एक' लिहिलेलं त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

पावतीवर प्रवासी दोन होते. पहिलं नाव एनेइदाचं. दुसऱ्या नावाची जागा कोरी. जन्मतारीख मात्र भरलेली होती, नऊ मे एकोणीसशे एकोणनव्वद. ओस्निएलची.

एनेइदानं त्या तारखेवर बोट ठेवलं, आणि ते उचललंच नाही.