आठ बाय चार

सोमवार, १४ एप्रिल रोजी माझ्या घराच्या माळ्यावर सोळा इंच जाडीचा कागदी भुगा पसरण्यात आला. गुरुवार, १७ एप्रिल रोजी सकाळी सात वाजता त्यातला आठ फूट लांब आणि चार फूट रुंद असा भाग रिकामा होता.

हे घर अॅरिझोनातल्या चँडलर गावात आहे. मी इथे एकोणतीस वर्षे राहतो. त्यांतली शेवटची तीन एकटा. निवृत्तीपर्यंत चिप बनवणाऱ्या एका कारखान्यात उष्णतेचे वहन हा माझा विषय होता, त्यामुळे स्वतःच्या घराचे निदान मला वीस वर्षांपूर्वीच माहीत होते. माळ्यावरचे जुने इन्सुलेशन, म्हणजे उष्णता अडवणारा थर, दबून चार इंचांवर आले होते. जुलैत माळ्याचे तापमान पासष्ट अंश सेल्सिअसपर्यंत जाते आणि ती उष्णता सावकाश, पण न चुकता, खालच्या खोल्यांत उतरते. गेल्या जुलैत एका दुपारी मी बेडरूममध्ये चक्कर येऊन पडलो. शेजारच्या केदारने मला उचलले.

माझी मुलगी विनीता मिशिगनमध्ये, नोव्हायला असते. तिने माझ्या बेडरूमच्या भिंतीवर तापमानाचा एक सेन्सर लावला. त्याचा आकडा तिच्या फोनवर दिसतो. मार्चअखेर गुढीपाडव्याला ती आली, तेव्हा अट घालूनच परत गेली.

"माळ्याचं काम करून घे, बाबा. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी चारला सव्वीसच्या वर आकडा दिसला, तर मी तुझं तिकीट बुक करतेय. वन-वे."

"आणि घर?"

"घराचं काय? घर विकतात."

नोव्हायविषयी माझ्या मनात आकस नाही. पण या स्वयंपाकघरातल्या प्रत्येक बरणीवर माझ्या बायकोच्या, नीलाच्या, अक्षरातली चिठ्ठी आहे, आणि नोव्हायच्या घरात त्या बरण्यांना कपाट नाही.

काम करायला आलेल्या माणसाचे नाव हेक्टर. रद्दी कागदाचा भुगा, आग लागू नये म्हणून क्षार चोळलेला, ट्रकमधल्या यंत्रात घालतात आणि जाड नळीने वर उडवतात. छताच्या कैच्यांना कागदी फूटपट्ट्या ठोकलेल्या असतात. भुगा सोळाच्या आकड्यापर्यंत आला की काम संपले.

"वर काही सामान आहे?" हेक्टरने शिडीवरून विचारले.

"नाही. प्लायवूडची एक फळी आहे. तिच्यावरूनच उडवा."

ती फळी मी स्वतः २००९ साली ठोकली होती, आठ बाय चार, बेडरूमच्या बरोबर वर. नीला दर एप्रिलमध्ये कुरडया करायची. पहिली काही वर्षे तिने त्या परसात वाळवल्या. धुळीची वादळे आणि काळे ग्रॅकल पक्षी यांनी तिला जेरीस आणले. मग एकदा माझी नोंदवही चाळताना माळ्याच्या तापमानाचे आकडे तिच्या नजरेला पडले.

"अहो, इतकी वर्षं नुसता ताप मोजत बसलात त्या माळ्याचा," ती म्हणाली. "डॉक्टरसुद्धा पुढे काहीतरी करतो."

तेव्हापासून आमचे वाळवण माळ्यावर गेले. तीन दिवस गहू भिजायचे, घरभर आंबूस वास असायचा. चौथ्या दिवशी सकाळी ती चीक शिजवायची, सोऱ्या आणि पातेले वर न्यायची आणि जुन्या पातळावर ओळीने कुरडया घालायची. पातळाच्या चार कोपऱ्यांवर माझ्या प्रयोगशाळेतून बाद झालेली अर्ध्या अर्ध्या किलोची चार पितळी वजने असत. माझे काम शिडी धरण्याचे. तिसऱ्या पायरीवर शिडी डुलते. कोणी खाली धरून उभे असेल तरच डुलत नाही. वरून आवाज यायचा, "धरलीय ना?" आणि मोबदला म्हणून तेल-मीठ घातलेला वाटीभर गरम चीक मिळायचा. तो मी शिडीशेजारी उभ्यानेच खात असे.

शेवटच्या एप्रिलच्या कुरडया एका डब्यात उरल्या होत्या. त्यांतली शेवटची यंदाच्या पाडव्याला विनीताने तळली. डबा घासून तिने ओट्यावर पालथा घातला.

आता १७ एप्रिल. माळ्यावर मी तापमान आणि आर्द्रता नोंदणारे एक यंत्र ठेवले होते. ते तपासायला मी सकाळी वर चढलो, तेव्हा फळी उघडी होती. फळीवर भुग्याचा कणही नव्हता.

मी शक्यता तपासल्या. वाऱ्याने भुगा सरकतो, पण त्याला उतार येतो; इथे कडा काटकोनात होत्या. उंदरांची बिळे आणि लेंड्या असतात, त्या नव्हत्या. भुगा दबतो, पण वर्षांनी, आणि नाहीसा होत नाही. मग मी आयताभोवतीची जाडी बारा ठिकाणी मोजली. सगळीकडे सोळाच्या वर आकडा होता. जास्तीच्या भुग्याचे आकारमान काढले आणि नाहीशा झालेल्याशी ताडून पाहिले. फरक पाच टक्क्यांच्या आत होता.

म्हणजे भुगा कुठे गेला नव्हता. तो बाजूला सारला होता. कडांवर बारीक समांतर रेषा होत्या, झाडूच्या काड्यांच्या असतात तशा.

त्या दिवशी दुपारी चार वाजता बेडरूममध्ये अठ्ठावीस अंश भरले. विनीताचा फोन चार वाजून दोन मिनिटांनी आला.

हेक्टर शुक्रवारी आला आणि पुन्हा भुगा उडवून गेला. त्याला माझ्या मोजमापांत रस नव्हता. मी माळ्याच्या दाराच्या फटीवर कागदी पट्टी चिकटवली आणि तिच्यावर सही केली.

शनिवारी केदार वरण घेऊन आला. हा नागपूरचा मुलगा बायकोने केलेले काहीतरी दर शनिवारी पोचवतो.

"काका, काही आंबवलंय का? इडलीचं पीठ वगैरे?"

"नाही."

"मग सिंकचा पाइप चेक करा यार. घाण नाही, पण आंबूस वास येतोय."

मी पाइप तपासला. तो कोरडा आणि स्वच्छ होता.

सोमवारी, २१ तारखेला, सकाळी नऊच्या सुमारास बेडरूमच्या छताकडे उष्णतेचा कॅमेरा धरला. पडद्यावर निळ्या छतात एक तांबडा आयत होता. दारावरची कागदी पट्टी अखंड होती, माझ्या सहीसकट. मी ती फाडून वर गेलो. फळी रिकामी होती.

या वेळी मी नोंदणीयंत्र खाली आणून आकडे उतरवले. एप्रिलमध्ये आमच्या हवेत आर्द्रता दहा टक्क्यांच्या खाली असते आणि माळ्यावर त्याहून कमी. १७ तारखेला सकाळी नऊ चाळीसला ती सातवरून चढू लागली आणि सव्वादहाला एकतीस टक्के झाली. मग संध्याकाळपर्यंत सावकाश उतरून पुन्हा सातवर आली. त्यानंतर त्या सकाळपर्यंत असे पुन्हा घडले नव्हते. मी तो आलेख बराच वेळ पाहिला. आकार माझ्या परिचयाचा होता. बंद जागेत ओले काही वाळत घातले की असाच आलेख मिळतो. कारखान्यात मी असे शेकडो काढले आहेत.

चौदाला भुगा, सतराला फळी रिकामी. अठराला भुगा, एकवीसला रिकामी. दोन्ही वेळा चौथा दिवस.

मंगळवारी, २२ तारखेला, हेक्टरने तिसऱ्यांदा भुगा उडवला.

बुधवारपासून घरात आंबूस वास होता. गुरुवारी तो वाढला. विनीताने फोनवर सांगितले की सोमवारची तिकिटे तिने पाहून ठेवली आहेत.

"तुला तिथे करमणार नाही, हे माहितीये मला," ती म्हणाली. "पण तू पुन्हा पडलास तर? आईला काय सांगू मी?"

ती असे बोलत नाही.

शुक्रवारी, २५ तारखेला, सकाळी दहा वाजता मी शिडी खाली ओढली.

पहिली पायरी. दुसरी.

तिसऱ्या पायरीवर शिडी डुलली नाही.

मी खाली पाहिले. पॅसेजमध्ये कोणी नव्हते. मी पुन्हा वर पाहिले आणि चढत राहिलो.

माळ्यावर अडतीस अंश होते. झरोक्यांतून उजेड येत होता. भुगा बाजूला सारलेला होता, फळी झाडलेली होती. फळीवर जांभळ्या काठाचे जुने पातळ पसरले होते. चार कोपऱ्यांवर चार पितळी वजने होती. नीला गेल्यानंतर ती मी घरभर शोधली होती.

पातळावर कुरडया होत्या. सात ओळी, प्रत्येकीत अकरा.

मी जवळची एक बोटाने चाचपली. ती ओली होती. बोटाला चीक लागला.

ऊब अजून गेली नव्हती.

मी काही हलवले नाही. उतरून शिडी मिटली, हात न धुता ओट्यापाशी गेलो. पालथा घातलेला डबा सरळ ठेवलेला होता. झाकण शेजारी होते.

दुपारी केदारला बोलावून मी पलंग मागच्या खोलीत हलवला. ती विनीताची जुनी खोली. तिच्यावर भुगा पूर्ण सोळा इंच आहे. सेन्सरही तिथे लावला. चार वाजता पंचवीस पूर्णांक एक.

"टेम्परेचर ओके आहे," विनीताने फोनवर सांगितले. तिच्या आवाजात सुटका होती आणि थोडा संशयही. "तिकीट कॅन्सल. पण बेडरूम का सोडलीस? आईची खोली ती. तू तर उशीसुद्धा बदलू देत नव्हतास."

"ती खोली यापुढे गरमच राहणार आहे," मी म्हणालो. "मला इथे बरं आहे."

सोमवारी, २८ तारखेला, हेक्टर हमीचा फॉर्म घेऊन आला. तो एकटाच वर गेला आणि एका मिनिटात उतरला. उतरताना त्याने टोपी काढून हातात घेतली होती. मग न विचारता ट्रकमधून फळ्या आणल्या आणि भुगा आत ढासळू नये म्हणून त्या आयताभोवती सोळा इंच उंच चौकट ठोकली. शिडी मी धरली.

"भरायचं नाही ना?" त्याने विचारले.

"नाही."

"फॉर्मवर कारण लिहावं लागतं. काम अपुरं का राहिलं, ते."

मी नीट विचार केला. चुकीचे काही लिहिलेले मला आवडत नाही. मग मी सांगितले आणि त्याने मोठ्या अक्षरांत रकान्यात उतरवले:

जागा वापरात आहे.